सरांच्या खिशाची पावती

पत्र

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. नवरा आणि मी मिळून मेडिकलचं दुकान चालवतो. लहानपणी ज्या खो-खो मंडळात खेळले, त्याच मंडळाची गेल्या जूनपासून खजिनदार आहे. मंडळ आमच्या सरांनी सुरू केलं. सर निवृत्त क्रीडाशिक्षक. आजही रोज साडेपाचला मैदानावर हजर असतात आणि एक रुपया मानधन घेत नाहीत. ५२ मुलं येतात, त्यांत ३० मुली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. तेव्हापासून मुलं वाढली, पैसे वाढले नाहीत. फी महिना १०० रुपये. वर्षात ६२,४०० यायला हवेत, आले ३४,०००. शेजारच्या क्रिकेट नेटची फी १,२०० आहे आणि ती पालक निमूट भरतात.

सोबत वर्षाचा कागद जोडलाय. रोजच्या सरावाचा खर्च १,५०,०००: सहायक प्रशिक्षक ४८,०००, मैदानाची लाइट १८,०००, बूट-साहित्य-औषधं २२,०००, बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास ५४,०००, किरकोळ ८,०००. जमा: फी ३४,०००, ठेवीचं व्याज २०,४००, सुट्या देणग्या ४१,०००. वर्षाच्या सुरुवातीला खात्यात ११,००० होते, शेवटीही साधारण तेवढेच. कोणाची उधारी नाही.

जानेवारीत तीन दिवसांची निमंत्रितांची स्पर्धा घेतो. यंदा खर्च ३,४०,०००, जमा ३,०२,०००. एका पुढाऱ्यांनी व्यासपीठावरून दोन लाख जाहीर केले, आले दीड लाख. ३८,०००चा खड्डा पडला. १८,००० फीच्या पैशातून घातले, २०,००० सरांनी दिले.

फीचा क्यूआर कोड सचिवांच्या स्वतःच्या खात्याचा आहे आणि सचिव दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेले. २,४०,०००ची ठेव पतसंस्थेत आहे, कारण तिथे बँकेपेक्षा दीड टक्का जास्त मिळतो. तीन वर्षं ऑडिट नाही. गेल्या महिन्यात एका पालकाने ग्रुपवर विचारलं, "मंडळाचा हिशोब बघायला मिळेल का?" सर दोन दिवस मैदानावर आले नाहीत.

एक बिल्डर तीन वर्षं, दर वर्षी एक लाख द्यायला तयार आहेत, पण जर्सीवर नाव हवं आणि पुतण्या कार्यकारिणीत हवा. कोणी म्हणतं देणगीदारांना करसवलत देणारं ८०जी काढा, कोणी म्हणतं फी ५०० करा, कोणी म्हणतं स्पर्धाच बंद करा. अमेरिकेतला एक माजी खेळाडू हजार डॉलर पाठवतो म्हणतोय. मी काय करू? आणि सरांकडे हिशोब कसा मागू? मला सूर मारायला त्यांनीच शिकवलंय.

ता. क. जुनी मॅट विकली तर चालेल का? एक जिमवाले २५,००० देतायत.

— एक खजिनदार

उत्तर

ताई, सरांकडे हिशोब मागूच नका. सरांना पावती द्या.

तुम्ही पाठवलेला कागद घेऊन मी काल रात्री बसलो. बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी सहकारी दूध संस्था, तालमी आणि मंडळांच्या पासबुकांत गेली. ती सवय अजून सुटलेली नाही. सरावाचा खर्च १,५०,०००. फी, व्याज आणि देणग्या मिळून जमा ९५,४००. म्हणजे ५४,६०० कमी. त्यातच फीचे १८,००० तुम्ही स्पर्धेत घातले, तर तूट झाली ७२,६००. आता सांगा, एवढी तूट असताना वर्षाअखेर खात्यात पुन्हा ११,००० कसे? उधारी तर कोणाची नाही.

ते पैसे सरांनी घातले. दुसरं कोण घालणार? लाइटबिलाची तारीख आली की सर भरून टाकतात. मुली पारनेरला किंवा परभणीला खेळायला निघाल्या की एसटीचे पैसे सर काढतात आणि नंतर "बघू" म्हणतात. स्पर्धेचे २०,००० त्यात मिळवले की एका वर्षात ९२,६०० झाले. महिन्याला साडेसात हजारांच्या वर, आणि तेही पेन्शनमधून. मुलांच्या केळी-अंड्यांचा खर्च तर तुमच्या कागदावर आलेलाच नाही.

तुमच्या मंडळाचा दुसऱ्या क्रमांकाचा देणगीदार खुद्द सर आहेत, आणि त्यांचं नाव तुमच्या एकाही पावतीवर नाही. दुसऱ्या बाजूने बघितलं तर मंडळ चालतंय असं सगळ्या गावाला वाटतं, पण ते चालतंय एका माणसाच्या खिशावर. सर सत्तरीच्या आसपास असतील. मी पुढचं लिहीत नाही, तुम्हाला कळतं.

म्हणून त्या पालकाने ग्रुपवर विचारलं तेव्हा सरांना काय झालं असेल ते बघा. जो माणूस वर्षाला लाखभर घालतो, त्याला लोक हिशोब विचारतात. मी सर असतो तर दोन दिवस नाही, आठवडाभर आलो नसतो. पण पालकाचंही चुकलेलं नाही. त्याला हे माहीतच नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. खो-खोत पाटीत बसलेला खेळाडू खो मिळाल्याशिवाय उठत नाही. तुम्ही जूनपासून तशाच बसून होता. खो त्या पालकाने दिलाय. उठा आता.

या आठवड्यात एवढंच करा. पावती पुस्तक घ्या, सरांच्या घरी जा. चहा झाला की सांगा, "सर, स्पर्धेचे वीस हजार तुम्ही दिलेत, त्याची पावती फाडायची राहिली." ते नको म्हणतील. तरी फाडा. मग हळूच विचारा की हे देणगी म्हणून लिहू की हातउसने? ते हसतील, रागावतीलही. पण हा प्रश्न विचारायलाच हवा. हातउसने म्हटलं तर ते मंडळावरचं कर्ज झालं, आणि तुमच्या मंडळासारख्या नोंदणीकृत न्यासाला कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. काहीच न ठरवता ठेवलं, तर उद्या सरांच्या मुलांनी "बाबांचे पैसे मंडळाकडे होते" म्हटलं की तुमच्याकडे उत्तर नसेल. सर देणगीच म्हणतील याची मला खात्री आहे. मग पुढच्या महिन्यापासून त्यांनी भरलेलं प्रत्येक बिल तुमच्याकडे येऊ द्या. बिल मंडळाच्या खर्चात, रक्कम सरांच्या नावे देणगीत, दोन्ही नोंदी एकाच दिवशी. तीन महिने असं केलं की मंडळ खरं कितीला पडतं ते तुम्हाला कळेल आणि सरांनाही पहिल्यांदाच कळेल. मेडिकलचा गल्ला रोज रात्री लावणाऱ्या बाईला हे जड नाही.

हिशोब गावाला दाखवायचा तर दर महिन्याच्या पाच तारखेला एक कागद करा. आधीची शिल्लक, जमा, खर्च, आताची शिल्लक, खाली तुमची सही. मैदानाच्या खोलीच्या दाराला लावा आणि फोटो ग्रुपवर टाका. देणगीदारांच्या नावांत सरांचं नाव इतरांसारखंच, रकमेसह. ते संकोचतील, पण ऐकू नका. त्या पालकाला वेगळं उत्तर द्यायची गरज उरणार नाही.

आता सचिवांच्या क्यूआर कोडचं. हा आजच काढून टाका, उद्याही नको. मंडळाचं स्वतःचं खातं आहे, पॅन असणारच, बँक मंडळाच्या नावाने कोड देते. बँकेत असताना मी एक प्रकरण जवळून पाहिलंय. एका मंडळाचे लाखभर रुपये असेच पदाधिकाऱ्याच्या खात्यात होते. माणूस अत्यंत सचोटीचा. एका रात्रीत गेला. खात्याला वारस म्हणून बायकोचं नाव. तिने शेवटी पैसे दिले, पण सात-आठ महिने लागले, दोन भावांत भांडण झालं आणि मंडळातली जुनी माणसं तिच्या दारात उभी राहून लाजली. चोर कोणीच नव्हतं. तुमच्या सचिवांवरही माझा संशय नाही, पण त्यांच्या खात्यात तुमच्या मुलांची फी जमा दिसते आहे, हे त्यांनाही परवडणारं नाही. दोन वर्षांचा त्यांच्या खात्याचा उतारा मागून घ्या, फीच्या ओळींवर खूण करा आणि उरलेली रक्कम एकाच हस्तांतराने मंडळाच्या खात्यात आणा. यापुढे पैसे काढताना तिघांपैकी दोघांच्या सह्या, आणि त्या तिघांत सर असावेत.

सचिव पुण्याला गेले, जूनमध्ये तुम्ही खजिनदार झालात, म्हणजे कार्यकारिणी बदलली. तसा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दिलाय का? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणजे बहुधा दिलेला नाही. आपल्याकडची मंडळं १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असतात. विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत कळवायचं असतं. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडून द्या. तालुक्यातले वकील हे रोज करतात. कागदोपत्री खजिनदार अजून आधीचीच व्यक्ती आहे, तुम्ही नाही. गंमत म्हणून सांगत नाही. बँकेने उद्या सहीचा नमुना बदलायला नकार दिला तर कारण हेच असेल.

तीन वर्षांचं ऑडिट हे तुम्हाला डोंगरासारखं वाटत असेल. एवढ्या लहान संस्थेचं ते दोन-तीन रविवारांचं काम आहे. वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ऑडिट सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायला हवं. पासबुकाची प्रत काढा, पावती पुस्तकांची स्थळप्रत शोधा, बिलं वर्षावार पिशव्यांत भरा. जिथे बिल नाही तिथे कोणीतरी सांगेल, "एक बिलबुक छापून घेऊ, कोण बघतंय." ते करू नका. ज्या खर्चाचं बिल नाही त्याचं साधं व्हाउचर करा, पैसे घेणाऱ्याची सही घ्या, कार्यकारिणीच्या ठरावात एकदा सगळे वाचून मंजूर करा. सीए त्यावर शेरा मारेल, मारू दे. शेरा असलेला खरा हिशोब धर्मादाय कार्यालयाला चालतो. खोटं बिल एकदा सापडलं की पुढची दहा वर्षं खऱ्या बिलालाही कोणी मान देत नाही.

ठेवीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. दीड टक्का जास्त म्हणजे तुम्हाला वर्षाला ३,६०० रुपये जादा मिळतात. तेवढ्यासाठी २,४०,००० जिथे ठेवलेत, तिथे ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेत ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ते मिळतं, सहकारी बँकेतही, पतसंस्थेत मिळत नाही. आणि न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा हे १९५०च्या कायद्याच्या ३५व्या कलमात लिहिलंय: शेड्यूल्ड बँक, पोस्ट, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे. पतसंस्था त्यात नाही. म्हणजे ती बुडाली तर गावात नुसती हळहळ होणार नाही, विश्वस्तांना "तिथे ठेवलीतच का" असं विचारलं जाईल. पतसंस्थेच्या चेअरमनशी तुमच्या अध्यक्षांचे घरचे संबंध असतील, मला माहीत आहे. मुदत संपेपर्यंत थांबा, नूतनीकरण करू नका. "ऑडिटरने सांगितलं" म्हणा. ऑडिटरवर ढकललेल्या गोष्टीने कोणाचे संबंध बिघडत नाहीत, आणि ऑडिट झालं की ऑडिटर हेच सांगणार.

फीकडे येतो. तुमचाच खर्च ५२ मुलांत वाटला तर एका मुलाला महिन्याला २४० रुपये पडतात, तेही सर फुकट राबतात म्हणून. १०० रुपये फी ही उदारता नव्हे, ती कोणी हिशोबच न केल्याची खूण आहे. मात्र ५०० करू नका. फी एकदम वाढली की घरात काय होतं ते मी पाहिलंय: मुलाची भरतात, मुलीला म्हणतात "आता सातवीत गेलीस, पुरे." तुमच्या ५२ पैकी ३० मुली आहेत, मंडळाची खरी श्रीमंती ती आहे. २५० करा. एका घरातलं दुसरं मूल निम्म्या फीत, म्हणजे भावाबरोबर बहीण टिकेल. ज्यांना झेपत नाही त्यांना पूर्ण माफी, आणि ती यादी फक्त तुम्हाला आणि सरांना ठाऊक. मैदानावर नाव घेऊन फी मागायची नाही, आणि फी थकली म्हणून कोणाला पाटीत बसवायचं थांबवायचं नाही.

समजा ३० मुलं पूर्ण भरतात, १२ निम्मी, १० माफ. महिन्याचे ९,०००. परीक्षा आणि मे धरून दोन महिने फी घेऊ नका, म्हणजे वर्षाचे ९०,०००. सरावाला लागतात १,५०,०००. उरलेले ६०,००० आणायची माझी सूचना साधी आहे. तुमच्या माजी खेळाडूंचा ग्रुप असेलच. त्यातल्या ५० जणांकडून महिन्याला १०० रुपये, यूपीआय ऑटोपेने. पन्नास गुणिले शंभर गुणिले बारा, बरोबर साठ हजार. तिथले अर्धेजण सरांच्या शिटीवर वाढले, दहावीला क्रीडा सवलतीचे गुण घेऊन गेले, एखादा पोलिसात किंवा महसुलात खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून लागला असेल. त्यांच्याकडे पाच हजार मागितले तर ते ग्रुप म्यूट करतील. महिन्याला शंभर मागा. आणि मागणी सरांच्या नावाने करू नका. लाइटबिलाचा फोटो टाका: "हे दीड हजारचं बिल गेली कित्येक वर्षं सर भरतायत." मग बघा.

एवढं जमलं की व्याज आणि सुट्या देणग्या वर उरतात. त्यातून आधी सगळ्या मुलांचा अपघात विमा काढा. खांबाजवळ सूर मारताना खांदा निखळला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार हे आज ठरलेलं नाही. म्हणजे तेही ठरलेलंच आहे, सर भरणार. आणि केळी-अंडी मंडळाच्या खर्चात घ्या.

स्पर्धा. इथे मी तुमच्या गावकऱ्यांच्या दोन्ही गटांशी भांडणार आहे. बंद करू नका, कारण वर्षातून एकदा गावाला मंडळ दिसतं ते तेव्हाच, आणि पाचवीतली पोरगी खो-खो खेळायचं ठरवते ती रात्रीच्या सामन्याला दिव्याखाली उभी राहून. पण आत्ता ती स्पर्धा म्हणजे मंडळाचं लग्नकार्य झालंय. तुमच्या कागदाच्या मागच्या बाजूला तुम्ही फोड लिहिली आहे ती वाचली: रोख बक्षिसं ९१,०००, जेवण-मुक्काम ९६,०००, मांडव-लाइट-स्पीकर ८४,०००, पंच ३६,०००, चषक-फ्लेक्स-छपाई ३३,०००. यातला एक रुपया तरी तुमच्या ५२ मुलांच्या पायात गेला का? बक्षिसं बाहेरगावचे तयार संघ घेऊन गेले. मला त्यांचा राग नाही, ते खेळून घेऊन गेले. पण त्यासाठी तुम्ही मुलांच्या फीचे १८,००० घातलेत, ते मात्र मला खुपतंय.

दोन वर्षं निमंत्रितांची स्पर्धा बाजूला ठेवा. जिल्ह्यातल्या किशोर-किशोरी गटाची एका दिवसाची स्पर्धा घ्या, आठ-दहा संघ, मुक्काम नाही, रोख बक्षीस नाही, चषक आणि प्रत्येक मुलाला एक चांगला बूटजोड किंवा टी-शर्ट. लाखाच्या आत होते. दुकानदार जाहिराती तरीही देतील, ते मुलांसाठी देतात, मांडवासाठी नाही. स्पर्धेचा हिशोब वेगळ्या वहीत लिहा. आणि एक तारीख ठरवा, समजा १५ डिसेंबर. त्या दिवशी अंदाजपत्रकाच्या सत्तर टक्के रक्कम बँकेत नसेल तर मांडववाल्याला ॲडव्हान्स जाणार नाही. व्यासपीठावर जाहीर झालेला आकडा अंदाजपत्रकात धरायचा नाही. माईकवरचे दोन लाख आणि खात्यातले दीड लाख यांतला फरक महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराला तोंडपाठ आहे. तरी दरवर्षी आपण टाळ्या वाजवतो आणि खर्च करतो. राहिलेल्या पन्नास हजारांसाठी पुढाऱ्यांना एक सभ्य आठवणपत्र द्या, एकदाच. आले तर आले.

बिल्डरचे पैसे घ्या. जर्सीवर नाव देण्यात काही वाईट नाही. फक्त तीन वर्षांचा एक पानी करार करा: दरवर्षी रक्कम कधी येणार, नाव कुठे आणि किती मोठं, मंडळाचं नाव आणि रंग बदलणार नाहीत. हे प्रायोजकत्व आहे, देणगी नाही, म्हणून देणगीची पावती देऊ नका. ते त्यांच्या जाहिरात खर्चात जाईल. पुतण्याचं म्हणाल तर तुमच्या घटनेत सभासद व्हायची आणि निवडून यायची रीत लिहिलेली असेल. त्याला वर्गणी भरून सभासद होऊ द्या, संध्याकाळी साडेपाचला मैदानावर येऊ द्या, मग सर्वसाधारण सभेत उभं राहू द्या. चांगला निघाला तर मंडळाचं भलंच आहे. पण लाख रुपयांना खुर्ची विकली जाते हे एकदा गावाला कळलं की दुसरा दीड लाख घेऊन येईल.

८०जीबद्दल लोकांच्या मनात भलत्याच कल्पना आहेत. तालुक्याच्या गावात ५०० आणि हजार रुपये देणारा माणूस करसवलतीसाठी देत नाही. जे पगारदार कर भरतात, त्यांना २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि तीत या देणगीची वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीतही रोखीने २,०००च्या वर दिलं तर सवलत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू, त्यामुळे कलमांचे आकडेही बदलले, पण गावात सगळे ८०जीच म्हणत राहणार. तरी ते काढा, पण वेगळ्या कारणासाठी: कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ते पैसे मिळायला १२ए (मंडळाला स्वतःला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी दोन्ही हवेत, सीएसआर-१ ही नोंदणी हवी आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. म्हणजे पुन्हा ऑडिटकडेच आलो. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या अनुदानासाठी गेलात तरी आधी तेच विचारतील. अजून एक, जवळच्या सहकारी साखर कारखान्याकडे सीएसआर मागायला जाऊ नका. तो कायदा कंपन्यांना आहे, सहकारी संस्थांना नाही. त्यांच्याकडे देणगी मागा, त्याची भाषा वेगळी असते.

१२ए मिळाल्यावर एक गोष्ट सीएकडून समजून घ्या. खेळाचा प्रसार हा धर्मादाय हेतू आहे हे प्राप्तिकर खात्याने १९८४च्या परिपत्रकातच मान्य केलंय, पण तो सार्वजनिक उपयोगाच्या सर्वसाधारण वर्गात धरला जातो. त्या वर्गात जाहिराती-प्रायोजकत्वासारखी व्यवसायाच्या धर्तीची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. तुमच्या सध्याच्या स्पर्धेने ती रेघ सहज ओलांडली असती. स्पर्धा लहान करायला आणखी एक कारण.

अमेरिकेतल्या मित्राला आधी एकच विचारा: पासपोर्ट कुठला? अजून भारताचा असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत, खुशाल घ्या. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी देणगी आहे, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक डॉलरही घेता येणार नाही. तसं असेल तर मनापासून आभार माना आणि सांगा, गावी आलास की आठ दिवस मुलांना पळव.

मॅटचं शेवटी. विकायला हरकत नाही, ती स्थावर मालमत्ता नाही, धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागत नाही. पण आधी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (मंडळाच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) तिची नोंद आहे का बघा. ती कोणी भेट दिली असेल, अनुदानातून आली असेल, तर अटी वाचा. मग कार्यकारिणीचा ठराव, आणखी एखाद्याचा लेखी भाव, पैसे खात्यावर. जुनी म्हणता तर आधी सरांना विचारा. माझा अंदाज आहे, ते म्हणतील की निम्मी अजून चांगली आहे आणि लहान पोरांना त्यावर सूर मारायला शिकवता येईल.